सहाही कामं माझ्याच नावाची

शालन मागच्या मोरीत पडली होती आणि शेजारची रेणुका मला पुढच्या खोलीत खुर्चीत दाबून बसवत होती. माझ्या जिभेखाली गोळी घालायला बघत होती. मला काही झालेलं नाही, मागं मोरीत जा, असं मी सांगत होते, पण भोंग्याच्या आवाजात कुणाला ऐकू येईना. भर सकाळी घरातले सगळे दिवे लागले होते, दाराचं कुलूप आपोआप उघडलं होतं. रेणुकाच्या फोनवर निरोप आला होता, आक्का पडली, गोळी द्या. आक्का म्हणजे मी. मग दवाखान्याच्या गाडीतली दोन माणसं आली. त्यांनीही मलाच आडवं केलं...

शालन माझी धाकटी बहीण. मी चौथीनंतर मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसले, ती शिकली, गणिताची बाई झाली. दोघींचेही नवरे गेल्यावर आम्ही सात रस्ता चौकाजवळच्या तिच्या घरात एकत्र राहिलो. निवृत्त झाल्यावर ती पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकली. मला छातीचं दुखणं, म्हणून तिनं माझ्यासाठी एक बटण केलं. गळ्यात घाल म्हणाली. मी घातलं नाही. माझ्यावर पाळत ठेवायचा हा डाव असणार, असं मला वाटलं. ते चुलीजवळच्या खिळ्याला राहिलं.

कसं चालतं ते मी खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं की एकेक काम वेगळं लिहायचं, त्याला फंक्शन म्हणतात. दार उघडणं, दिवे, भोंगा, रेणुकाला निरोप, डॉक्टरांना निरोप, गाडी बोलावणं. सहाही एका यादीत ठेवायची. बटण दाबलं की पायथन यादीतल्या प्रत्येकाला हाक मारतं, सगळी कामं एकदम.

"एकदम कसली? एकामागं एकच की. पहिलंच अडलं तर मागची पाच काय करणार?"

ती म्हणाली, "लई संशयी हाय गं तू, आक्का."

पण दुपारी जेवण सोडून तिनं ते बदललं. एक काम अडलं तरी पुढच्याला हाक जाईल असं केलं. मग दर रविवारी रेणुकाला आधी सांगून ती बटण दाबून बघायची. आक्का, कान झाक, म्हणायची. मी झाकत नसे. सहाही कामं होतात का, ते मोजत बसायचे.

मी सगळ्यावर संशय घेतला. तारेवर, कुलपावर, रेणुकाच्या फोनवर. पडणारी दुसरीच असली तर, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, तिला साधा खोकला नसे.

डॉक्टर म्हणतात, ती पडल्या पडल्याच गेली, उशीर झाला म्हणून नव्हे. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. भोंगा बंद होऊन लोक मोरीकडं वळेपर्यंत किती वेळ गेला, ते मी रेणुकाला तीनदा विचारलं. ती दर वेळी चहा ठेवायला उठली.

बटण अजून त्याच खिळ्याला आहे. काढा म्हणतात, मी काढू देत नाही. रविवारी त्याच्यावरची धूळ पुसते, दाबत नाही. त्या दिवशी मीच दाबलं होतं. सहाही कामं बिनचूक झाली. सहाही मलाच वाचवण्यासाठी होती. मी वाचले.