धुवू नये

आमच्या पाळणाघराच्या दारात दोनदा गर्दी होते. सकाळी आठला आणि रात्री आठला. ड्युटी संपलेली माणसं पोरं उचलतात, ड्युटीवर चाललेली ठेवून जातात. या घाईत कुणाचा मोजा राहतो, कुणाची पाण्याची बाटली. ते सगळं दुसऱ्या दिवशी आठवणीनं परत नेतात. पण चप्पल घालता घालता जे सांगून जातात, ते काही कुणी परत नेत नाही! बारा वर्षांचं साचलंय माझ्याकडे. म्हटलं, चार बायकांत बसून एकदा मोकळं करावं.

अमरावतीत, बडनेरा रोडला आमचं घर. खाली पाळणाघर, वर मी. चोवीस तास उघडं, कारण नर्स, पोलीस, रेल्वेवाले यांना 'ऑफिस सुटलं' असं कधी म्हणताच येत नाही. स्वयंपाक कमलकडे. कमल बाळापूरची, माझ्याच वयाची आणि तोंडानं माझ्याहून तिखट. मला सगळे मावशी म्हणतात. तिला पोरं कमलमाय म्हणतात, आणि मोठी माणसं तिच्याशी जरा जपूनच बोलतात.

*

फीचा कागद दाराच्या आतल्या बाजूला लावलाय. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, जेवणाची वेगळी. एकदा एक रेल्वेवाले साहेब तो कागद चष्मा लावून एकदा आणि चष्मा काढून एकदा असा दोनदा वाचत उभे राहिले.

"मावशी, रातची फी काहून? माहा पोट्टा नऊले झोपते अन् सहाले उठते. झोपेचे कायचे पैसे?"

मी गोड शब्द शोधत होते, तोवर कमल लाटणं घेऊनच बाहेर आली.

"बरोबर हाय साहेब तुमचं! तुमी त्याले झोपलेलाच आना अन् झोपलेलाच न्या. मधात उठला तर फोन करतो, या घ्यायले."

साहेबांचा चेहरा लाल. बायकोला दोन नाईट होत्या. ते म्हणाले, "मीच सुट्टी टाकतो, पाहू काय लागते एका पोट्ट्याले," आणि पोराला घेऊन तरातरा निघून गेले.

तिसऱ्या सकाळी दारात हजर. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली, खांद्यावर पोरगं ठणठणीत जागं. त्यांनी पुन्हा एकदा कागद वाचला आणि म्हणाले, "मावशी, तुमी कमी घिऊन राहिल्या!"

*

एक प्राध्यापक मॅडम आहेत. शिकवतात अकोल्याच्या कॉलेजात आणि राहतात इथं, त्यामुळे रोजचं अपडाऊन. त्यांचा विहान अडीच वर्षांचा. पहिल्याच दिवशी मॅडमनी जेवणाची दोन पानी लिस्ट दिली. साखर नाही, तळलेलं नाही, तिखट नाही, मीठ नावापुरतं. कमलनं ती फ्रिजवर चिकटवली आणि अगदी लिस्टबरहुकूम गाजरं उकडत राहिली.

पण आमच्याकडे मंगळवार म्हणजे पिठल्याचा. लोखंडी कढईत पिठलं शिजतं, आणि ते संपलं की तळाला जी करपलेली खरवड राहते तिच्याभोवती पोरं चमचे घेऊन उभी राहतात. ही आमची बारा वर्षांची रीत. त्या गर्दीत लिस्ट कोण वाचतो!

एका संध्याकाळी मॅडमचा फोन. "मावशी, तुम्ही विहानला करपलेलं खायला देता?"

"मॅडम, चुकलंच हो. मी कमलला आत्ताच सांगते..."

"अहो, तसं नाही! तो घरी काही खातच नाहीये. कमलमायसारखं कर म्हणतो. मी दोनदा पिठलं केलं, पण आमच्या कढईला काही लागतच नाही, नॉनस्टिक आहे ना. करपवायचं कसं, तेवढं सांगा!"

मी फोन कमलकडे दिला. तिनं ऐकून घेतलं, रीतसर सगळं समजावलं, फोन ठेवला आणि मला विचारलं, "मावशी, कॉलेजात हे काईच शिकवत नाही का?"

*

आता मनूचं सांगते, कारण हल्ली माझ्या डोक्यात तेच चाललंय.

मनू साडेतीन वर्षांची. आई वैशाली एका दवाखान्यात नर्स, आठवड्याला तीन नाईट. बाप अकोल्याला दालमिलमध्ये सुपरवायझर, तो येतो रविवारी. आणि आजी गावी, भातकुलीला. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून आजी त्या घरात एकटीच, पण शेती सोडून यायला तयार नाही.

आमच्याकडे प्रत्येक पोराच्या नावाची खुंटी आहे आणि प्रत्येक खुंटीवर एक फडकं. आईची ओढणी, बापाचा बनियन, जे असेल ते. घरून अंगावरचं आणायचं, न धुतलेलं. ते नाकाशी धरलं की पोरं पाच मिनिटांत झोपतात. आम्ही त्याला 'वासाचं फडकं' म्हणतो. चार दिवस पुरतं, मग आईबापांनी दुसरं आणून द्यायचं. पाळणाघर चालवायला फार अक्कल लागत नाही. लेकराचं मन कशात आहे तेवढं कळावं लागतं, आणि ते मला कळायला चार वर्षं गेली.

तर दोन वर्षांपूर्वी, नवीनच आलेल्या कमलनं एकदा काय केलं? स्वच्छतेच्या झटक्यात झाडून सगळी फडकी गरम पाण्यात टाकली आणि खळखळ धुऊन दोरीवर घातली! झोपायची वेळ झाली आणि एकच रडारड! बाकीची पोरं रडून रडून थकली आणि झोपली. मनू तेव्हा दीड वर्षांची. ती ओढणी नाकाला लावायची, बाजूला फेकायची आणि नव्यानं टाहो फोडायची. दुपारचे दोन वाजले, अंगातून कढत वाफा निघायला लागल्या, तेव्हा मी वैशालीला फोन केला.

जेवणाच्या सुट्टीत ती धावत आली. आत आली नाही, कारण आई दिसली की मनू सोडणार नाही. बाहेर पायरीवर बसली, ती धुतलेली ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली आणि मे महिन्याच्या उन्हात दहा मिनिटं तशीच बसून राहिली. घामानं निथळली पोर. डबा तिचा मांडीवर तसाच, न उघडलेला. मग ओढणी काढून कमलच्या हातात दिली.

कमलचे डोळे भरले होते, पण तोंड कुठे गप्प बसतं! "येवढी चार्जिंग पुरंल ना व?" म्हणाली.

पुरली. मनू झोपली. त्या संध्याकाळी मी खुंट्यांच्या वर लाल पेननं मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'धुवू नये'. पोरांना वाचता येत नाही, पण पाठ सगळ्यांना आहे. मनू तर आता आमची जुनी मेंबर. नवीन पोरगं आलं की त्याला खुंटीपाशी नेते आणि विचारते, "तुहं कोनाचं?" मग बजावते, "धुवू नको हां!"

*

यंदा मनूला जवळच्या शाळेत नर्सरीत टाकायचं ठरलं. शाळेच्या मॅडमनी तिला चॉकलेट देऊन विचारलं, "बाळा, सकाळी उठल्यावर आईला काय म्हणायचं?"

"गुड नाईट."

"नाही बाळा. सकाळी! सूर्य उगवला की?"

"गुड नाईट," मनू ठामपणे म्हणाली.

मॅडमनी तीनदा विचारलं, तिनं तीनदा तेच सांगितलं. बरोबरच होतं की तिचं! आई नाईट करून सकाळी साडेआठला तिला घेऊन घरी जाते. मग दोघी पडदे ओढून, 'गुड नाईट' म्हणून झोपतात. मनू तासाभरात उठून खेळते, पण आई झोपेपर्यंत हलत नाही.

मला हे कळलं आणि माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत भांडायला गेले. "अहो, लेकरू हुशार आहे. आठवड्यातल्या तीन रात्री ती आमच्याकडे झोपते, तिची सकाळ तिथूनच सुरू होते!" असं बरंच काही बोलले. मॅडम मान हलवत लिहून घेत होत्या. चार दिवसांनी वैशालीच्या हातात चिठ्ठी आली, 'मुलगी आठवड्यातील तीन रात्री घराबाहेर असते. तिला दिवस-रात्रीचे भान नाही. कुटुंबाने विचार करावा.'

भांडायला गेले आणि पुरावा देऊन आले मी! अजून स्वतःचा राग येतो.

वैशालीनं ती चिठ्ठी नवऱ्याला वाचून दाखवली. नवऱ्यानं आईला सांगितली. आणि मंगळवारी सकाळी भातकुलीच्या पहिल्या एस.टी.नं आजी हातात रिकामी थैली घेऊन आमच्या दारात उभी.

*

ताठ बाई. नऊवारी, कपाळ मोकळं, पायात जाड चपला. खुर्चीच्या अगदी कडेला बसली. कमलनं चहा पुढं केला.

"पाळनाघरातला चहा मी नाही पेत," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमच्यावर माहा राग नाही बाई. पन लेकरू काय खुंटीले टांगाची वस्तू हाय? माय रातची, बाप ऐतवारचा. पोट्टीले कळंल कसं? माह्या इथं सूर्य उगवला का दिवस, मावळला का रात. मी नेतो तिले."

बारा वर्षांत ही गोष्ट मी स्वतःलाच किती वेळा विचारलीय, ते माझं मला माहीत.

वैशाली नुकतीच नाईटवरून आलेली. नवऱ्याशी फोनवर बोलून झालं होतं. तो म्हणाला होता, "आई म्हणते तर चार महिने राहू दे तिथं." ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"मावशी, आईंचं चूक नाही हो. पण मी रात्रभर दुसऱ्यांच्या लेकरांना सलाईन लावते. सकाळी घरी जाते, हिच्या केसात नाक खुपसते तेव्हा कुठं डोळा लागतो माझा. ही गेली तर मी झोपू कशी?"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. दारात मनू उभी होती. ती आईकडे बघत राहिली, मग बाहेर पळाली.

कमलनं सामान काढलं. नाव टाकलेली ताटली, दोन फ्रॉक, बाहुली. शेवटी खुंटीवरची ओढणी. कमलनं ती घडी केली, मोडली, पुन्हा घडी केली. आजीनं हात पुढं करून ती घेतली आणि थैलीत घातली.

"चाल व मनू. गाडी चुकंल."

मनू जागची हलली नाही. तिनं अंगातला फ्रॉक खालून धरला आणि डोक्यावरून ओढायला लागली. गळ्याशी बटण अडकलं. कमल मदतीला गेली तर तिचा हात झटकला. शेवटी निघाला एकदाचा. नुसत्या चड्डीवर, केस विस्कटलेले, ती वैशालीसमोर जाऊन उभी राहिली आणि फ्रॉक तिच्या हातात कोंबला.

"हे तुले झोपाले. धुवू नको हां. चार दिवस पुरते, मंग दुसरा देतो."

वैशाली खाली बसली. फ्रॉक तोंडाला लावून बसली.

"हे काय करून राहिली व पोट्टी?" आजी म्हणाली.

मनू आजीजवळ गेली. आजी नवीनच होती ना आमच्याकडे! मनूनं तिचं बोट धरलं, खुंट्यांपाशी नेलं, एक एक खुंटी दाखवली आणि रोजच्यासारखं विचारलं, "आजी, तुहं कोनाचं?"

आजी त्या फडक्यांकडे बघत उभी राहिली. मग थैलीतून ओढणी काढली आणि मनूच्या उघड्या अंगाभोवती गुंडाळली. मागं फिरली. पायातल्या चपला काढून दारातल्या छोट्या छोट्या चपलांच्या ओळीत नीट लावल्या. गार झालेला चहा उचलून एका घोटात संपवला.

"आज जेवाले काय हाय तुमच्या इथं?"

"पिठलं," कमल म्हणाली. "मंगळवार हाय."

आजीनं दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या कागदाकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत पाहिला.

"अन् बुढीची फी काय लावता तुमी?"