हुंकार नसलेलं प्रकरण

शेवटचं भेटलो तेव्हा ताई माझ्याकडे पाहतच नव्हती. अमरावतीच्या त्या दवाखान्यात खिडकीकडे तोंड करून पडली होती. मी उगाच चादर सारखी केली आणि म्हटलं, ‘‘ताई, घरी आली का पुस्तक पुरं करू.’’ तशीच पडल्या पडल्या म्हणाली, ‘‘कायचं पुस्तक घेऊन बसला बापू... पोरी झोपल्या होत्या रे.’’ मला रागच आला. आजारी असलं म्हणून माणसानं किती हट्टी असावं! म्हटलं, ‘‘भर दुपारी कोण झोपते वो?’’ मी अकोल्याला परतलो आणि एक-दोन दिवसांत सकाळीच भाच्याचा फोन आला. मिळेल त्या गाडीनं निघालो, पण... आता महिना उलटून गेला. ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. त्या पोरी कोण, आणि त्या खरंच झोपल्या होत्या का, हे कुठंतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, कुमुद. अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवायची आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायची. वाचकांनी तिला किल्ल्यांसाठी, वेढ्यांसाठी, दरबारांसाठी लक्षात ठेवलं. मला आठवतं ते तिचं वाचून दाखवणं. लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्यानं हूं म्हटलंच पाहिजे, असा आमच्या घरचा कायदा होता. हुंकार थांबला की आई म्हणायची, ‘झोपले लेकरं’, आणि राजपुत्राला तिथंच जंगलात सोडून कूस बदलायची. ताईनं तोच कायदा आपल्या लिहिण्याला लावला. प्रकरण हातानं लिहायचं, मला अमरावतीला बोलावून समोर बसवायचं आणि वाचायचं. माझं हूं ढिलं पडलं की त्या जागी लाल रेघ. ‘‘बापू, हूं काहून नाही म्हणून राहिला?’’ ‘‘ताई, तुझा सरदार चार पानं झाले घोड्यावर चढूनच राहिला. मी काय करू?’’ ती चिडायची, फणकारायची, पण दुसऱ्या दिवशी सरदार एका ओळीत घोड्यावर बसलेला असायचा. गाविलगडावरच्या कादंबरीतला एक अख्खा दरबार माझ्या डुलकीनं उडाला आहे. समीक्षकांना हे माहीत नाही.

मग अकोल्याच्या एका शाळेत तिचा सत्कार झाला. शाल-नारळ आटोपल्यावर मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं, तर आमच्याच कॉलनीतली अक्षरा उठली. नववीतली पोरगी, जीभ तिखट. ‘‘मॅडम, तुमच्या पुस्तकातल्या पोरी आंगणात खेळतात, आन् मंग एकदम लगनच होते त्यांचं. मधात कुठी जातात त्या?’’ सगळे हसले. ताई हसली नाही. घरी आल्यावर जेवणात लक्ष नाही. शेवटी ताटावरून उठता उठता म्हणाली, ‘‘इतक्या राण्या लिहिल्या बापू मी. चौदा वर्षांची पोरगी एकबी नाही लिहिली रे.’’ हातातली अर्धी झालेली कादंबरी तिनं सत्तरी ओलांडल्यावर बाजूला सारली. प्रकाशक नाराज झाला. ओळखीचे लोक म्हणाले, या वयात कुठं पोराबाळांचं लिहिता! तिनं कोणाचं ऐकलं नाही. तिला एवढंच पाहायचं होतं, की तिच्या पानावर एखादी पोरगी पुढच्या पानासाठी थांबते की नाही.

नवी गोष्ट आजच्या काळातली, पातूरच्या एका मुलीची होती. आई नुकतीच गेलेली, आणि शाळेत तिनं हे कोणालाच कळू दिलेलं नाही. ताई दर शनिवारी गाडीनं अकोल्याला यायची, माझ्या बैठकीत सतरंजी घालायची, आणि अक्षरा आपल्या मैत्रिणींना गोळा करून आणायची. पहिल्या दिवशी काय तो धिंगाणा! गोष्टीतली मुलगी वडिलांना म्हणाली, ‘‘बाबा, आपण चिंता करू नये.’’ पोरी लोटपोट झाल्या. ‘‘आजी, बाबाले असं कोण म्हणते? टेन्शन नका घेऊ म्हणते!’’ जन्मभर प्रकाशकाला एक काना बदलू न देणारी माझी बहीण त्या पोरींकडून मुकाट दुरुस्त्या लिहून घेत होती, आणि वर हसत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी भावजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला थोडा हेवाही वाटला. माझ्या हूंची आता कोणाला गरज नव्हती.

एका शनिवारी मी पोरींसाठी कचोऱ्या आणायला गेलो आणि दुकानात गर्दीत अडकलो. परत आलो तर बैठक रिकामी. ताई एकटी सतरंजीवर बसून पानं फाडत होती. अगदी बारीक तुकडे. ‘‘अवो, काय करून राहिली हे?’’ ‘‘अर्ध्याच्या वर प्रकरण वाचलं मी बापू. एकीच्याबी तोंडून चकार शब्द नाही. ना हसणं, ना टोकणं, ना हूं. मान खाली घालून बसल्या होत्या. मग मीच मिटलं, म्हटलं जा घरी.’’ मी म्हटलं, एकदा विचारून तर पाहा त्यांना. तर म्हणते, ‘‘आईनं विचारलं का कधी? ऐकणारा झोपला का गोष्ट संपली.’’ संध्याकाळच्या गाडीनं ती गेली ती पुन्हा आली नाही. मीही पोरींना विचारायला गेलो नाही. दुसरी प्रत ती कधी ठेवतच नसे. ते प्रकरण गेलं, आणि त्याच्याशिवाय पुढचं काही जुळेना. फोनवर म्हणायची, मले पोरींचं लिहिता येत नाही बापू, मी राजवाड्यातच बरी होती. मग छातीचं दुखणं निघालं, दवाखाना झाला... आणि संपलं.

मागच्या आठवड्यात पोरी भेटायला आल्या. आता दहावीत आहेत, आल्या त्या शहाण्यासारख्या रांगेत बसल्या. मी चहा विचारला. अक्षरा म्हणाली, ‘‘आजोबा, त्या फोनचं पुढं काय झालं?’’ कोणता फोन? मला काय ठाऊक! मग त्यांनीच सांगितलं, एकमेकींना तोडत, दुरुस्त करत. ती पातूरची मुलगी शाळेतून घरी येते. सवयीनं आईचा नंबर लावते. आणि बंद कपाटात, आईच्या लुगड्यांखाली, फोन वाजायला लागतो. तिला उठून कपाट उघडवत नाही. वाजू देते... तिथंच आजीनं पानं मिटली म्हणे.

‘‘मंग तुमी बोलल्या काहून नाही गं?’’ मी ओरडलोच जवळजवळ. ‘‘एखादीनं हूं तरी म्हणायचं!’’ त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. गोष्ट ऐकताना हूं म्हणायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण, आम्हीच नाही सांगितलं. अक्षरा म्हणाली, ‘‘आवाजच निघत नव्हता, आजोबा. आमाले वाटलं, राहिलेलं पुढच्या शनवारी सांगन आजी.’’ तिच्या शेजारची, एरवी न बोलणारी, हळूच म्हणाली, ‘‘मी त्या दिवशी घरी जाऊन आईले फोन लावला. आई सयपाकघरातच होती. उचलला तिनं, म्हणे काय वो? मले काई बोलताच नाही आलं.’’

त्या गेल्यावर मी रडलो, लपवत नाही. ताईनं अख्ख्या जन्मात लिहिलेलं सगळ्यात चांगलं प्रकरण स्वतःच्या हातानं फाडलं, आणि ते वाईट होतं असं समजून गेली. ताई, एकही पोरगी झोपली नव्हती वो. अजून थांबल्या आहेत.