वाट चुकलेला मामा

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तरी दुष्काळाच्या त्या वर्षी, सोसायटीनं उघडलेल्या जनावरांच्या छावणीत, शेजारच्या दावणीची धनगराची म्हातारी भर बारा वाजता माझ्या लेकीला म्हणाली, "ये गं, गोष्ट सांगते."

मी फणकारले. "कावून सांगतीस गं आज्जे? पोरीचा मामा बाहेर हाय!"

छावणीत उसाशिवाय चारा नव्हता आणि आमच्या गाभण गायीचं उसानं तोंड आलं होतं. तिच्यासाठी कडबा बघायला माझा भाऊ घाटनांदूरकडे गेला होता. दोन दिवसांत येतो म्हणाला, त्याला पाच झाले होते. फोनबिन तेव्हा कुणाकडे नव्हते. मी घडीघडीला छावणीच्या वाटेकडे बघत होते.

म्हातारी ढिम्म. "चुकायचा त्यो चुकलाच असंल की. आता त्येला माघारी आणाया तरी सांगू दे. एक व्हता मामा. हुं म्हन."

हुंकाराशिवाय तिची गोष्ट पाऊलभर सरकत नसे. लेक पेंगली की हुंकार मला द्यावा लागे.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. हिच्या आडात आधीचं काहीच नसे, तरी पोहरा रोज भरून वर येई. समोर टँकरवाला खोकला की कोरड्या विहिरीच्या तळाशी मामाला खोकणारं कासव भेटे. कुणाच्या बैलानं खुंटा उपटला की तोच खुंटा मामा काठी म्हणून घेऊन चालू लागे. पुढे मी चार पुस्तकं लिहिली, पण असं रिकाम्या हातानं सुरू करायची छाती मला कधी झाली नाही.

एकदा विचारलंच, "फुडचं तुला आधी म्हाईत असतंय का?"

"न्हाई बाई. तुजं हुं कसं येतंय त्यावरनं कळतंय. रडकं आलं की मामाला जरा सावलीत बसवते."

पोरीच्या नावानं ती गोष्ट मलाच सांगत होती, हे तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं.

भाऊ गेल्याच्या आठव्या दिवशी गोष्टीतलं कासव मामाला म्हणालं, "वाट दावतो, पण आदी मला एक गोष्ट सांग." एवढ्यात डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन माझा भाऊ छावणीत शिरला. टाचांना भेगा, ओठ फुटलेले. भारा त्यानं गायीपुढे टाकला. मला रडू कोसळलं.

लेक त्याच्या पायांना बिलगली. "मामा, कासवाला कोणची गोष्ट सांगितलीस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. खाली बसला.

"एक व्हती गाय," तो म्हणाला. "तिच्यापायी एक येडा आठ दिस गावोगाव हिंडला."

आणि दम घ्यायला थांबला.

"हुं," म्हातारी म्हणाली.