तीन लाल टाके

माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी, आणि सगळं जग तिला ताई म्हणायचं. मला काय म्हणायचे? ताईंची बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले, अजून मला माझी अशी वेगळी ओळख नाही. पोटात दुखतं का? हो, दुखतं. ती जाऊन चार वर्षं झाली तरी दुखतं.

आम्ही दोघी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. मी इस्त्रीवर, ती मोजणीच्या टेबलावर. म्हणजे मी वाफेत शिजायचं आणि तिने चादरी मोजत गप्पा मारायच्या. आम्हा बायकांना तेव्हा पुढच्या दाराने यायची बंदी होती. मळकी गाठोडी ज्या दाराने येत, त्याच दाराने आम्हीही. आमच्यातली कुणी आजारी पडली तर तिला वॉर्डात खाट नाही, बॉयलरच्या खोलीबाहेर एक बाकडं. कित्येक वर्षं मान खाली घालून सोसलं. एक दिवस ताईने मोजता मोजता विचारलं, "ज्या चादरी आपण धुतो, त्यांवर आपणच का झोपायचं नाही?" झालं! बायका पेटल्या. अहो, प्रश्न माझ्याही मनात होताच की. पण मी मेली तोंड मिटून इस्त्री फिरवत बसले.

ठरलं असं, की सोमवारी सकाळी आम्ही बेचाळीस जणींनी पांढरेशुभ्र डगले घालून पुढच्या दाराने आत शिरायचं. डगल्यांना इस्त्री कुणी केली? मी. डगले सगळे एकसारखे, म्हणून जी ती कॉलरच्या आत आपल्या खुणेचे टाके घालायची. ताईचे दोन निळे, माझे तीन लाल. तिचा डगला मी मुद्दाम शेवटी घेतला, नीट व्हावा म्हणून. सहज खिडकीतून पाहिलं, तर अंगणात सगळ्या तिच्याभोवती गोळा झालेल्या. आणि माझी लेक, माझ्या पोटची दहा वर्षांची पोर, मावशीचा हात धरून ऐटीत उभी. मी बघतच राहिले. इस्त्रीवालीने कधी करू नये ते केलं, हात थांबला आणि नजर भलतीकडे गेली. करपल्याचा वास आला तेव्हा डगल्याच्या पाठीवर इस्त्रीएवढा डाग पडला होता.

तेवढ्यात ती आत आली. "माझा कुठाय?"

मी तो पाठीमागे लपवला आणि माझा पुढे केला. "हा घाल."

"आणि तू?"

"मी नाही येत. डोकं दुखतंय."

तिने कॉलर उलटून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, डगला चढवला आणि गेली. एक शब्द विचारला नाही. जळका डगला मी बॉयलरच्या भट्टीत घातला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाई आडवा आला, ती थांबली नाही, वर्तमानपत्रात फोटो छापून आला. एक्केचाळीस बायका. मग कधीतरी दार उघडलं, खाटा मिळाल्या. मलाही मिळाली, पित्ताशय काढलं तेव्हा. पण ताई प्रत्येक भाषणात सांगायची, "आम्ही एक्केचाळीस होतो." मोजणीवाली ना! चालल्या तेवढ्याच मोजायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बेचाळिसावी का नव्हती ते सांगायचं तर डागही सांगावा लागणार. म्हणून गप्प.

यंदा तिच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली. धुलाईच्या, सफाईच्या बायकांच्या लेकींना कॉलेजसाठी. प्रमाणपत्रावर छापलेत दोन निळे टाके. ती देणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, एके काळचे आमचे कंपाउंडर, घरी आले. "आजी, ताईंनी त्या दिवशी घातलेला डगला काचेच्या पेटीत ठेवायचाय. असेलच तुमच्याकडे."

होता ना, ट्रंकेत. तिचं सामान दुसऱ्या कुणाकडे येणार? काढला, इस्त्री केली. टाके उसवायला कात्रीही घेतली. दोन मिनिटांचं काम. उसवले की डगला कायमचा तिचा, आणि माझा डाग कुणाला कळायचा नाही. ठेवले तर कुणीतरी विचारणार. कात्री खाली ठेवली. नाव दिलं, लेक दिली, आता डगलाही देऊन टाकू? एवढी काही मी संत नाही.

कार्यक्रमाला मला बसवलं दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत कोण? ज्यांनी तेव्हा दार लावून ठेवलं होतं त्यांचे जावई! आणि हो, माझी लेक. ताईंची भाची म्हणून. पहिली शिष्यवृत्ती एका इस्त्रीवालीच्या मुलीला मिळाली. चष्मा घातलेली, काटकुळी. प्रमाणपत्र घेऊन उतरताना ती काचेच्या पेटीशी थबकली. कागदाकडे बघितलं, कॉलरकडे बघितलं, आणि तडक माझ्यापुढे येऊन उकिडवी बसली.

"आजी, हा डगला ताईंचा नाही ना?"

"तिनेच घातला होता."

"घातला असेल हो. पण टाके तीन आहेत, आणि लाल. आईबरोबर रोज खुणा बघून कपडे लावते मी, मला कळतं. कुणाचा आहे?"

चाळीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो समोर आला.

"माझा," मी म्हटलं. "तिचा माझ्या हातून जळला. इस्त्रीखाली."

वाटलं, पोरगी तोंड वाकडं करणार. पण इस्त्रीवालीचीच लेक ती. एवढंच म्हणाली, "नजर कुठे गेली होती?"

"तिच्याकडे."

ती उठली, पुन्हा व्यासपीठावर गेली आणि माइक ओढून घेतला. "त्या दिवशी बेचाळीस डगल्यांना इस्त्री झाली होती. ती करणाऱ्या बाई दुसऱ्या रांगेत बसल्यात. ताई गेल्या त्या यांचा डगला घालून." डागाचं अवाक्षर काढलं नाही. सगळ्या माना वळल्या. माझी लेकही वळून बघत होती, तोंडावर हात ठेवून.

अध्यक्षांना भरूनच आलं. "जोरदार टाळ्या होऊ द्या, ताईंच्या बहिणीसाठी!"

मेल्याला एवढं कानीकपाळी सांगितलं तरी तेच! मी ताडकन उठले.

"मी तिची बहीण नाही," मी ओरडले. "ती माझी बहीण. माझी!"

मग मी खाली बसले.