पट्टीवरची दुसरी रेघ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतेय — खरंच ठाऊक नाही. पण मनातली धाकधूक इतक्या वर्षांत गेलेली नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. जतच्या एका छोट्या लॅबमध्ये मी रक्त तपासायची. रिपोर्ट वेळेवर, अक्षर सुवाच्य — केवढा तोरा होता मला! तेव्हा 'कावीळ बी'साठी झटपट तपासणीची पट्टी नवीनच आली होती. रक्तावरचा पिवळा द्रव वेगळा काढायचा, त्यात पट्टी बुडवायची आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ उठली तर काही नाही, दोन उठल्या तर आजार. थांबायचं, एवढंच काम. तेवढंही मला जमू नये?

एक दिवस तपासणीला आलेल्या कलावतीला सातवा महिना होता. सारखी दाराकडे बघत होती. "आवं बाई, लवकर करा की. गावात टँकर येतोय, घरात घागरभर पानी न्हाई."

घाई तिची होती — पण खरं सांगू? मलाही भूक लागली होती. पाचव्या मिनिटाला एकच रेघ दिसली. मी 'निगेटिव्ह' लिहिलं, सही केली. ती गेली.

डबा खाऊन पट्टी टाकायला उचलली, तर वीस मिनिटं नुकती होत होती. आणि दुसरी रेघ... फिकट, पण होती.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर लस टोचावी लागते, नाहीतर आजार त्यालाही जडू शकतो, हे मला माहीत होतं. दोन महिने हातात होते. एक निरोप, पुन्हा एक तपासणी — अवघड काय होतं त्यात? पण मग मी वीस मिनिटं थांबले नव्हते, हे डॉक्टरांना सांगावं लागलं असतं. फिकट रेघ खोटीही असू शकते, असं स्वतःला समजावत मी पट्टी कचऱ्यात टाकली.

वर्षभराने ती तापलेल्या पोराला घेऊन आली. जन्मल्यावर त्याला ती लस दिलीच नव्हती. माझ्या रिपोर्टवर सगळ्यांचा विश्वास होता ना.

"तुमचा हात हलका हाय बाई, तुमीच रगत घ्या," ती म्हणाली.

तापाची तपासणी झाली. नळीत थोडं रक्त उरलं होतं. काविळीच्या पट्ट्यांचा डबा शेजारीच होता. बघितलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं — हो किंवा नाही.

मी ते रक्त मोरीत ओतलं, वरून नळ सोडला. बाहेर येऊन तिला म्हणाले, "काही नाही गं, साधा ताप आहे. पोरगं ठणठणीत आहे तुझं."