भाऊ हरल्याची बातमी

भालकीहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं उदगीरला माझ्या दारात येऊन निरोप दिला, "अक्का, तुमचे मल्लूअण्णा गेले." त्याला आता महिना होत आला. मल्लूअण्णा माझा मधला भाऊ, माहेरच्या गावी शाळेत मास्तर. चावडीत सरकारनं बॅटरीवरचा रेडिओ बसवला, तेव्हा हैदराबादच्या उर्दू बातम्या लोकांना समजावून सांगायचं काम त्याच्याकडं आलं. संध्याकाळी तो ऐकायचा आणि मग आधी मराठीत, नंतर कानडीत सांगायचा. गावात कुणाची सभा असली, तर तिची सूचनाही शेवटी वाचून दाखवायचा.

पहिल्या निवडणुकीत आमचे थोरले भाऊ, शिवाण्णा, उभे राहिले. त्यांनी सभेचा कागद पाठवला. त्यात स्वतःच्या नावाआधी 'गोरगरिबांचे कैवारी' असं लिहिलं होतं. मल्लूअण्णानं नुसतं नाव, जागा आणि वेळ वाचली. शिवाण्णा घरी येऊन तापले, "माझं कैवारी कामून गाळलास?"

"समोरच्याचं 'शेतकऱ्यांचे आधार' पण गाळलोय, अण्णा."

"तू माझा भाऊ हाईस का त्याचा?"

"घरात तुमचाच हाय. चावडीत सगळ्यांचा."

शिवाण्णांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. एका घरात, एका चुलीवरचं जेवत होते दोघं... मी बाळंतपणाला माहेरी आले होते. दोघांच्या मधे उभी राहून मीच ताटं वाढायची.

निकालाच्या संध्याकाळी चावडी गच्च भरली होती. रेडिओची खरखर चालली होती, त्यात उर्दू. बहुतेकांना काहीच कळलं नाही. कळलं ते मल्लूअण्णाला. शिवाण्णा पुढंच उभे होते. मल्लूअण्णा उठला आणि रोजच्याच आवाजात त्यानं शिवाण्णांच्या विरोधातला उमेदवार निवडून आल्याचं सांगितलं. मग तेच कानडीत. जिंकलेल्यांची माणसं त्याच्या गळ्यात हार घालायला धावली, तेव्हा हात आडवा करून म्हणाला, "हार जिंकणाऱ्याला घाला. मी फकस्त सांगितलो."

शिवाण्णा मान खाली घालून निघून गेले. वर्षभर अबोला राहिला. पुढं जिंकलेल्यांच्या मंडळींना बातम्या सांगायला आपला माणूस हवासा झाला. हरलेल्याच्या भावावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी चावडीत गाव बसलं. तिथं शिवाण्णा उभे राहिले. "माझी हार यानंच सगळ्या गावाला सांगितली, तीबी दोन भाषांत. याच्यापरास खरा माणूस कुठून आणायलाव?" बातम्या मल्लूअण्णाकडंच राहिल्या. त्या दिवशी दोघं चावडीतून बरोबर घरी आले.

अखेरच्या भेटीत मी मल्लूअण्णाला विचारलं, त्या संध्याकाळी तुला काहीच कसं वाटलं नाही रे? अंथरुणावर पडल्या पडल्या तो म्हणाला, "तोंडाला कोरड पडली होती गं. अण्णाकडं बघितलो असतो, तर आवाज फुटला नसता... म्हणून बघितलोच न्हाई."

मल्लूअण्णाचे दिवस झाल्यावर मी हे शिवाण्णांना सांगितलं.

"मी मातर," ते म्हणाले, "त्याच्याकडंच बघायलो होतो."