टेबल हललं होतं का?

काचेची नळी असो की कँटीनमधला रिकामा पेला, अक्का तो एकाच पद्धतीने उलटा करायच्या. मनगट सैल, श्वास रोखलेला, नजर आतल्या थेंबावर. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "हसा. हाताची सवय मोडली की मग रडाल."

तुमच्याही कामाच्या जागी असं एक माणूस असेल, जे आलं की सगळे आपोआप खुर्च्या न ओढता उचलून सरकवतात. बंगळुरूतल्या एका औषध कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत आमच्या अक्का तशा होत्या. घर राजाजीनगरला. पूर्वज कधीकाळी मराठी मुलखातून आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड साखरेसारखं विरघळलेलं. "स्वल्प थांब रे," हे तर दिवसातून वीस वेळा.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला रांग असायची. इथे आल्यावर काचेला हात लावायचीसुद्धा भीती वाटे. पहिल्या दिवशी अक्कांनी विचारलं, "जेवलास?" आणि लगेच, "नखं दाखव." हातात नळी धरायला मला त्यांनीच शिकवलं. ते मी विसरणार नाही.

आमचं काम असं. इंजेक्शनसाठी वापरायच्या पाण्यात जंतूंचं विष उरलं आहे का, ते पाहायचं. बोटाएवढ्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात एक औषध मिसळायचं आणि नळी तासभर अंगाइतक्या उबेत ठेवायची. मग उलटी करायची. आत जेलीसारखा गोळा धरून बसला तर विष आहे. पाणी ओघळलं तर स्वच्छ. फक्त त्या तासात टेबलाला धक्का लागता कामा नये. गोळा एकदा मोडला की पुन्हा जमत नाही, आणि विषारी पाणीही स्वच्छ दिसतं. म्हणून निकाल लिहिण्याआधी अक्कांचा प्रश्न ठरलेला: "टेबल हललं होतं का?"

ते औषध एका समुद्री जिवाच्या निळ्या रक्तापासून बनतं. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, खेकडा म्हणतात पण दिसतो पालथ्या कढईसारखा. त्याला पकडून रक्त काढतात आणि पाण्यात सोडतात. सगळेच जगत नाहीत.

अक्का जगन्नाथपुरीला गेल्या होत्या, तेव्हा ओडिशाच्या किनाऱ्यावर त्यांनी तो पाहिला. जाळ्यातून फेकलेला, उताणा, पाय हलवणारा. "मी शेपटीला हात लावला नाही हं, ती दुखावते. कडेने धरून हळूच सरळ केला. आयुष्यभर त्याच्या रक्ताच्या नळ्या उलट्या केल्या, एकदा तरी त्याला सरळ करावं." तिथल्या कोळ्याने सांगितलं की पूर्वी भरतीला ते जोडीजोडीने वाळूत अंडी घालायला यायचे, आणि अंडी टिपायला पक्षी उतरायचे. आता बंधारा झाला, वाळू गेली. हे सांगताना अक्कांचा आवाज खाली यायचा. "तो संपला तर पक्षी जातील, मासे जातील. आणि आपण? आपण कशाने तपासणार रे पाणी?"

त्याच कामाचं, खेकड्याविना बनवलेलं औषध आता मिळतं. निकाल यंत्र वाचतं. साहेबांच्या मागे लागून अक्कांनी परवानगी मिळवली. काही आठवडे दोन्ही तपासण्या शेजारी शेजारी करायच्या. निकाल जुळले तर जुनं औषध बंद. त्यानंतर महिन्याभरात त्या निवृत्त होणार होत्या. "एवढं झालं की मी सुटले," म्हणायच्या.

या दुहेरी तपासणीच्या शेवटच्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. प्रयोगशाळेत फोन न्यायला बंदी. मी नेला आणि टेबलाच्या खणात ठेवला. नळ्या वर उबेत होत्या. फोन आला. खणातल्या चिमट्यांवर तो थरथरला आणि सगळं टेबल बारीक हादरलं. मी खण उघडून फोन बंद केला.

तासाने अक्कांनी नळी उलटी केली. पाणी ओघळलं. यंत्र मात्र म्हणत होतं, विष आहे.

त्यांनी नळी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

"टेबल हललं होतं का?"

समोर नोकरी दिसली, घरी पाठवायचे पैसे दिसले. मी म्हणालो, "नाही अक्का."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "दोन वेगळे निकाल आले की भीतीचा धरायचा." त्यांनी ते सगळं पाणी ओतून द्यायला लावलं, म्हणून कुणाच्या शिरेत ते गेलं नाही. पण साहेबांनी फाईलवर लिहिलं, नवी पद्धत खोटा इशारा देते. फाईल मिटली.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, म्हैसूरपाक. अक्का हसल्या, पण नळ्यांच्या टेबलाकडे एकदाही वळल्या नाहीत.

त्यानंतर सहा महिने घरीसुद्धा फोन वाजला की मी तो झटकन टेबलावरून उचलायचो. निळ्या रक्ताच्या नव्या पेट्या येत राहिल्या. प्रत्येक पेटी मी फोडायचो. शेवटी एका रविवारी राजाजीनगर गाठलं आणि दारातच सगळं सांगून टाकलं.

अक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आत जाऊन कॉफी घेऊन आल्या.

"आईचा डोळा कसा आहे?"

"दिसतं आता."

"मग झालं." कॉफी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? माझी सही आता चालत नाही. तुझी चालते."

"नोकरी गेली तर, अक्का?"

त्यांनी कॉफी संपवली. स्वतःचा रिकामा पेला उचलला, श्वास रोखला आणि ताटलीवर सावकाश पालथा घातला.

आज सकाळी मी चार ओळी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. तारीख, वेळ, खण, फोन. शेवटी, 'टेबल हललं होतं.' खाली सही.

साहेबांनी अजून बोलावलेलं नाही. फोन बाहेर कपाटात आहे. अक्कांच्या रिकाम्या स्टुलाशेजारी, दोन्ही हात पाठीमागे धरून मी उभा आहे. टेबलाला धक्का लागू नये म्हणून एक पाऊल मागे सरकलो आहे. नळ्या उबेत आहेत.